वाढलेली साखळी

माझ्या हातांखालून जेवढी जमीन गेली तेवढी एखाद्या जहागीरदाराच्याही गेली नसेल. त्यातला एक गुंठा माझ्या नावावर नाही, हा भाग वेगळा. जमीनमोजणीच्या बंदोबस्त खात्यात मी अडतीस वर्षं साखळी ओढली, आधी निजामाच्या अमलात आणि मग आपल्या सरकारात. राजे बदलले, कागदावरची भाषा बदलली, शिक्के बदलले. साखळी तीच आणि बाभळीचे काटेही तेच. लोहाऱ्यापासून भूमपर्यंत असं शिवार नसेल जिथल्या काट्यानं माझं धोतर धरलेलं नाही.

हल्लीच्या पोरांनी साखळी पाहिलेली नसते म्हणून सांगतो. तेहेतीस फूट लांब, लोखंडाच्या सोळा दांड्या कड्यांनी जोडलेल्या. त्या दांड्यांना आम्ही आणे म्हणत असू. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, की झाला गुंठा. दोन्ही टोकांना पितळी मुठी, आणि ओढायला दोन माणसं. पुढला साखळी ताणून लोखंडी खिळा रोवतो आणि चालू लागतो. मागला त्या खिळ्यापाशी येऊन आपली मूठ टेकवतो, पुढल्यानं दुसरा खिळा रोवला की पहिला उपटून घेतो. मागल्याच्या हातात जितके खिळे तितक्या साखळ्या. शास्त्र एवढंच. यात हुशारी लागत नाही, पण मन जाग्यावर लागतं. मी मागला होतो.

लोक आम्हाला फार मानत, कारण फार भीत. एका गावी एक म्हातारी साखळीवर आडवी पडली होती, माझ्या बांधावरून लोखंड गेलं तर पीक जळेल म्हणून. तिची समजूत काढता काढता दुपार झाली, शेवटी साखळीला हळदकुंकू लावून तिनं स्वतःच ती बांधापलीकडं सरकवून दिली. दुसऱ्या एका गावचा पाटील आम्हाला जेवायला बसवायचा आणि आम्ही पानावर असताना त्याची माणसं हद्दीची झेंडी सरकवायची. असे किस्से पुष्कळ आहेत. पण आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि तीत चूक माझी आहे. त्या चुकीतली एक बाब तर मी आजवर घरातही बोललेलो नाही.

साखळीला एक खोड असते. ती वाढते. दगडधोंड्यांतून ओढून ओढून कड्या उघडतात, कळत नकळत लांबी वाढत जाते. म्हणून दर आठवड्याला ती मापाला लावून पाहायची असा नियम होता. कचेरीत असलो तर ओट्यावर कोरलेल्या खुणांवर, मुक्कामावर असलो तर अमीन साहेबांच्या पेटीतल्या दहा फुटी लाकडी गजावर. अमीन म्हणजे आमचा मोजणी अधिकारी. नियम होता, मी नाही म्हणत नाही. पण मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळंच येत होतं.

महायुद्ध चालू होतं ते दिवस. लोखंड सगळं लढाईवर चाललेलं, त्यामुळे नव्या साखळ्या येत नव्हत्या. आमच्याकडची जुनी साखळी घेऊन आम्ही नळदुर्गापासून काही कोसांवर बालाघाटच्या उतारावर मुक्काम ठोकला. तिथलं झुडपी रान सरकारनं राखीव करायचं ठरवलं होतं. डोंगरमाथ्यावर दगडांचा एक जुना बुरूजवजा ढीग होता. कागद असं सांगत होता की त्या ढिगापासून मावळतीला ऐंशी साखळ्या, म्हणजे अर्धा मैल, ते जंगल. त्यापुढं गावाचं गायरान. ऐंशीव्या साखळीला हद्दीचा दगड बसवायचा होता.

त्या उताराच्या पायथ्याशी फासेपारध्यांची आठ-नऊ पालं होती. बोराटीच्या काटेरी कुंपणाआड गवताच्या झोपड्या, दाराशी एक शिकवलेली गाय. गाय दुधाची नव्हे. तिच्या आडोशानं चरत चरत ही माणसं काळविटापर्यंत पोचत. पण त्यांची खरी कमाई फासाची. तातीचे, म्हणजे सुकवलेल्या आतड्याच्या दोऱ्याचे फास एका लांब दोरीवर ओळीनं बांधलेले असत. तित्तर, लावा, ससा चालत आला की पाय अडकायचा. बायका ते तित्तर, मध, सीताफळं घेऊन बाजाराला जात. जातच गुन्हेगार म्हणून सरकारात नोंदलेली, त्यामुळे रोज पोलीस पाटलाकडं हजेरी. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी पहिला शिपाई पालांवर. दुसऱ्या गावी जायचं तर परवानगीचा कागद, आणि तो मिळायचा नाही. गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नसत. त्यांचं सगळं जगणं पालांमागच्या एका झिऱ्यावर होतं. खडकातून बारा महिने पाणी पाझरायचं, उन्हाळ्यातही घागर भरायची.

त्यांचा म्हातारा होता लखमन. गाव त्याला लखमन्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. वयानं तो माझ्या बापापेक्षा मोठा होता. याची लाज मला फार उशिरा वाटली.

पहिल्याच दिवशी तो आमची साखळी बघायला आला. उकिडवा बसून त्यानं एकेक कडी बोटानं चाचपली.

"आप्पा, ह्यानं काय धरता?" त्यानं विचारलं. मी लिंगायत, गळ्यात लिंग, म्हणून आप्पा.

"जमीन धरतो," मी म्हणालो.

"मंग तुमचा बी फासच की!" तो हसला, आणि पालातून आपली दोरी घेऊन आला. मौज म्हणून आम्ही दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या. त्याची दोरी साखळीपेक्षा बरोबर वीतभर लांब भरली. फासांमधलं अंतर इतकं सारखं की मी चकित झालो. हे कशानं मोजतोस असं विचारल्यावर तो म्हणाला, "हातानं न्हाय मोजायचं. माजा हात येगळा, पोराचा येगळा. आज्याच्या दोरीवरनं बापाची केली, बापाच्यावरनं माजी. जुनी दोरी देवाच्या गाठोड्यात ऱ्हाती. नवी केली की तिच्याशेजारी मांडायची. फरक पडला की सोडून पुन्यांदा."

मला तेव्हा कळायला हवं होतं की आमच्या कचेरीच्या ओट्यावरच्या खुणा आणि ते देवाचं गाठोडं यांत काही फरक नाही. मला फक्त गंमत वाटली. त्याच्या सुनेनं, पोट पुढं आलेल्या अवघडल्या पोरीनं, मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी तहान नाही म्हणालो. तहान लागलेली होती.

पुढं येता-जाता लखमन भेटायचा. त्याचं बोलणं ऐकायला मला आवडायचं. झिऱ्याजवळ तो कधी फास मांडत नसे. "पान्याला आलेल्याला धरायचं न्हाय," म्हणायचा. पोटुशी मादी सापडली की सोडायची, आणि तित्तरांच्या थव्यातली एक जोडी तरी सोडायचीच. आमच्या खात्याला रान राखायचं होतं, आणि तो ते न बोलता राखत होता.

तीनेक आठवड्यांनी आम्ही ढिगापासून मावळतीची रेघ मोजली. ऐंशीवा खिळा रोवला तिथं चुन्याची खूण केली, दगड बसवला. दगड बसला झिऱ्याच्या आठ हात पलीकडं. म्हणजे झिरा जंगलात.

राखीव जंगल म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, पाणी भरायचं नाही. जंगल खात्याच्या जमादारानं पालांवर जाऊन बजावलं, पंधरा दिवसांत उठा. कुठं उठा ते त्यानं सांगितलं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्या गावी जाता येत नव्हतं आणि पाण्यावाचून इथं राहता येत नव्हतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण मनात म्हटलं, माझा काय दोष? साखळी जिथं गेली तिथं गेली.

दोन दिवसांनी लखमन मुक्कामावर आला. रडला नाही, पाया पडला नाही. खांद्यावर दोरी होती.

"आप्पा, तुमचं लोखंड एकदा मांडा. माज्या दोरीशेजारी."

"कशाला?"

"मांडा तर खरं. माजी एक शंका हाय."

मी मांडली. दोरी अजून लांबच होती, पण आता वीतभर नाही. त्यानं बोटं मोजली. आठ.

"वितेची बारा बोटं," तो म्हणाला. "चार कुठं गेली?"

"तुझी तात आखडली असेल उन्हानं," मी म्हणालो. माझा आवाज उगाच चढला होता.

तो मला पालांवर घेऊन गेला. अंघोळ करून आला, देवाचं गाठोडं सोडलं, आतली काळी पडलेली जुनी दोरी माझ्यासमोर मांडली. सगळी पालं भोवती उभी होती. नवी दोरी आणि जुनी दोरी, फासाला फास. केसाचाही फरक नव्हता.

"आमची वाढली न्हाय, घटली न्हाय," लखमन म्हणाला. "आता तुमचं तुमी बघा."

मी तडक मुक्कामावर परतलो. साहेब झोपलेले असताना मी त्यांच्या पेटीतला गज काढला आणि झाडाखाली साखळी मापाला लावली. महिनाभरात मी ते एकदाही केलं नव्हतं. साखळी चार बोटं वाढली होती. चार बोटं म्हणजे काही नाही असं वाटतं, पण ऐंशी वेळा चार बोटं म्हणजे तेरा हात. आणि झिरा आठ हातच आत होता.

पण त्यातही एक मेख होती. साखळी आज चार बोटं वाढलेली होती. रेघ मोजली त्या दिवशी ती किती वाढली होती, हे देवाला ठाऊक. दोनच बोटं वाढलेली असली तर चूक निघायची सहा-सात हातांची, आणि झिरा आतच राहायचा. हे सांगून टाकलं तर माझी नोकरी जाणार हे नक्की, आणि पालं वाचतील हे मात्र नक्की नाही. तासभर मी त्या झाडाखाली बसलो होतो. साखळी गुंडाळून ठेवावी, कुणाला कळणार आहे, हाही विचार आला. लपवत नाही.

अमीन साहेब हैदराबादचे. माणूस तापट, पण कागदाचा पक्का. चहा पिताना मी त्यांच्यासमोर उभा राहून सगळं सांगितलं. ते इतके ओरडले की घोडा बिथरला.

"अबे आप्पा, तेरे कू अक्कल है क्या नै? एक महिने की पैमाइश मिट्टी में!"

मी मान खाली घालून उभा. मग त्यांनी विचारलं, "चूक पकड्या कौन?"

"पारधी, साहेब. फासाच्या दोरीवरून."

त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लोहार कू बुलाव."

लोहारानं कड्या ठोकून बसवल्या, गजावर तीनदा लावून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी ठरली. साहेबांनी एक अजब हुकूम केला. पुढलं टोक लखमन धरील, मागलं मी. "उसका मतलब है उस में," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू नजर रख उस पे." आणि स्वतः घोड्यावर बसून खाली दगडापाशी जाऊन थांबले.

ढिगापासून आम्ही निघालो. लखमन वाकून, मान न वळवता सरळ चालत होता. त्याला शिकवावं लागलं नाही. आयुष्यभर तो दोरीच मांडत आला होता. मी मागं. आणि आता ती बाब सांगतो. तिसऱ्या का चौथ्या साखळीला माझ्या मनात आलं, मूठ खिळ्याला टेकवण्याऐवजी जराशी मागं धरली तर? दोन बोटं. प्रत्येक साखळी तेवढी कमी पडेल, दगड तेवढा अलीकडं येईल, झिरा नक्की वाचेल. साहेब अर्ध्या मैलावर होते. मी पाय जरा मागं घेतला आणि मूठ खिळ्याच्या मागं टेकवली. मला वाटलं मी फार मोठं पुण्य करतोय. चूक माझी, तर तिची भरपाईही मीच करणार!

बाराव्या साखळीला पुढलं टोक थांबलं. लखमन खिळा न रोवता उभा राहिला, मग साखळी खाली ठेवून माझ्याकडं चालत आला.

"आप्पा, पाय मागं का घेता?"

"कुठं? नाही तर."

"मला बघाया लागत न्हाय. दोरीच्या त्या टोकाला पाखरू हललं तर ह्या टोकाला माज्या हाताला कळतं. पोट हाय आमचं त्याच्यावर." तो माझ्या पायाकडंच बघत होता. "आमच्यासाठी करता व्हय?"

माझा चेहराच बोलत असणार.

"न्हाय आप्पा," तो हळू म्हणाला. "सारा मुलूख आमाला चोर म्हनतो. रोज हजेरी देतो, चोर म्हनून. माजी सून आज-उद्या बाळंत व्हईल. त्या लेकराला पहिलं पानी चोरीचं पाजू? जितकं हाय तितकंच मोजा. झिरा आत गेला तर जाऊ द्या, आमी बघू काय करायचं ते."

"मग आता?"

"आता काय? चला माघारी. पहिल्यापासनं."

बारा साखळ्या मोडून आम्ही पुन्हा डोंगरमाथ्यावर गेलो. खालून साहेब हात हलवून ओरडत होते, काय झालं म्हणून. लखमन वरून ओरडला, "खिळा चुकला, सायेब!" एवढंच. ज्याच्यावर नजर ठेवायला मला नेमलं होतं, त्यानं माझी चोरी पकडली आणि तीही झाकली.

मग आम्ही मोजलं. मी मूठ खिळ्याला अशी टेकवत होतो की बोटं सोलपटून निघाली. साठ झाल्या, सत्तर झाल्या. पालांवरची सगळी माणसं बोराटीच्या कुंपणापाशी उभी होती. शहात्तर, सत्त्याहत्तर. आता मला झिरा दिसत होता, त्याच्या कडेची हिरवी शेवाळ दिसत होती, आणि माझ्या तोंडाला कोरड पडली होती. एकोणऐंशी. लखमननं शेवटची साखळी ताणली, खिळा रोवला आणि तिथंच बसून राहिला.

खिळा जुन्या दगडाच्या दहा हात अलीकडं पडला होता. झिरा त्याच्या दोन हात पलीकडं. गायरानात.

साहेब घोड्यावरून उतरले. स्वतः गजानं ते दोन हात मोजले, वहीत लिहिलं, आणि जमादाराला म्हणाले, "पत्थर हलाव." मला त्यांनी नोकरीवरून काढलं नाही. महिनाभराची मोजणी पुन्हा करून घेतली आणि दर रविवारी साखळी मापाला लावताना समोर उभे राहू लागले. निवृत्त होईपर्यंत तो रविवार मी चुकवला नाही.

त्या दुपारी लखमनच्या सुनेनं पुन्हा पाणी आणलं. मी दोन तांबे प्यालो. "लखमनबाबा, येतो," म्हणालो. त्यानं मान डोलावली. या नव्या हाकेचं त्याला काही विशेष वाटलं असं दिसलं नाही. चार दिवसांनी निरोप आला, मुलगी झाली.

पुढं निजामाचं राज्य गेलं, हजेरीही गेली, माझी बदली झाली. तिकडं पाय वळला नाही, आणि खरं सांगायचं तर वळवलाही नाही. बाराव्या साखळीची आठवण आली की अजून कान तापतात.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी नळदुर्गाला लग्नाला गेलो होतो. परतताना जीप वाटेत थांबवून उतरलो. हद्दीचा दगड तिथंच, झिऱ्याला सिमेंटचा कट्टा. पालांच्या जागी विटांची पंधरा-वीस घरं, एक शाळेची खोली. शिकारीला कायद्यानं बंदी आली होती, बरीच माणसं गवंडीकाम नि शेतमजुरी करत होती, दोघे तर वनखात्यातच लागले होते. दगडापाशी चाळिशीतली एक बाई भावांना जागा वाटून देत होती. ग्रामपंचायतीची सदस्य आहे असं कुणीतरी सांगितलं. तिच्या हातात दोरी होती. तातीची, फासांची.

"टेप नाही का?" मी विचारलं.

"टेपा हायत की. पर भांडण लागलं की आमी आज्याच्या दोरीवर मोजतो. तिच्यावर कुणी बोलत न्हाय."

माझी सवय अजून जात नाही. खिशात टेप होता. गुडघे धरत खाली बसलो, दोरीशेजारी टेप मांडला. तेहेतीस फुटांवर बोट ठेवलं आणि उरलेली दोरी वितेनं मोजली.

"वीतभर जास्त," मी म्हणालो. "बरोबर आहे."

बाईची नजर हळूहळू खाली, माझ्या पायांवर गेली.

"तुमी साखळीआप्पा? पाय मागं घेणारे?"

मी गार पडलो. चाळीस वर्षं जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं ते वस्तीतल्या पोराटोरांना पाठ होतं. तिनं हाका मारून सगळ्यांना गोळा केलं. "आरं या, आज्या सांगायचा ते आलेत!" लखमनबाबाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. जन्मल्यावर त्या झिऱ्याचं पाणी प्यालेली नात ती हीच, गंगाबाई.

"आज्या म्हनायचा," ती हसत म्हणाली, "आमच्यावर चोरीचा आळ घेणारे सरकारी लोक लई बघितले. आमच्यासाठी चोरी करायला निघालेला ह्यो एकच. त्याला करू दिली न्हाय म्या, पर त्याला इसरू नका."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. पोरं माझ्या पायांकडं बघून एकमेकांना कोपरानं ढोसत होती. गंगाबाईनं दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"आलाच हाय तर धरा मागलं टोक. दोन घरं मोजायची ऱ्हायलीत. पर पाय हलवायचा न्हाय!"

मी मागलं टोक धरलं, आणि पाय हलवला नाही.